नोटीस आली, पण कुणाच्या नावानं?

(दृश्य : निपाणीतलं केबलचं दुकान. टेबलावर राऊटर, कोपऱ्यात फायबर केबलचं भेंडोळं.)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत नेट आणून दिलं ते केबलवाल्यानं. पण हा केबलवाला बहुतेकदा स्वतः परवानाधारक नसतो, वरच्या एखाद्या कंपनीचा भागीदार असतो. त्यामुळे चोरून सिनेमा उतरवल्याबद्दलची कॉपीराइटची नोटीस आधी त्याच्याकडे येत नाही. आयपी पत्ता, म्हणजे कनेक्शनचा इंटरनेटवरचा नंबर, ज्या कंपनीच्या नावावर नोंदलेला, तिच्या तक्रारीच्या मेलवर ती पडते आणि तिथून व्हॉट्सॲपवर खाली येते : "हे गिऱ्हाईक तुमचंच काय बघा."

मेल इंग्रजीत. सिनेमाचं नाव, आयपी पत्ता, तारीख, वेळ, कधी पोर्ट नंबर. गिऱ्हाइकाचं नाव नसतं, कारण पाठवणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं. टोरंटवर सिनेमा उतरवणारा त्याच वेळी त्याचे तुकडे इतरांना वाटतही असतो. सिनेमाच्या हक्कदारांनी नेमलेल्या कंपन्या वाटणाऱ्यांच्या त्या घोळक्यात शिरतात आणि समोर दिसणारे पत्ते टिपून घेतात. टेलिग्रामवर घोळका नाही, म्हणून तिथून उतरवणाऱ्याला असं पत्र येत नाही. चोरी दोघांचीही, सापडतो टोरंटवाला!

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर नोंदींच्या रांगा.)

आता हा पत्ता घरापर्यंत न्यायचा कसा? नोटिशीत वेळ असते १८:४२, पुढे लिहिलेलं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपले साडेपाच तास मिळवले की रात्रीचे १२ वाजून १२ मिनिटं होतात, म्हणजे तारीखसुद्धा दुसरी. ही बेरीज कुणी विसरला, तर भलत्याच घरी फोन जातो.

बेरीज जमली तरी पुढचं अवघडच. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी, आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून कंपन्या एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात. तंत्रज्ञ याला सीजीनॅट म्हणतात. वाड्याला दरवाजा एक आणि आत बिऱ्हाडं पन्नास, तसं. कुठलं बिऱ्हाड हे सांगतो तो पोर्ट नंबर, तोही नेमक्या सेकंदासकट. तो नोटिशीत नसेल तर केबलवाल्यानं शोधायचं काय? कुठला पत्ता कधी कुणाला दिला, याच्या नोंदी कंपनीकडे असतात. दूरसंचार विभागानं डिसेंबर २०२१ मध्ये त्या ठेवायची मुदत वाढवून किमान २ वर्षं केली. पण नोंद कनेक्शनपाशी थांबते. बेळगावच्या टिळकवाडीत एका वायफायवर पाच-सहा विद्यार्थी असले, तर त्यातला कोण, हे तिला कळत नाही.

मग कनेक्शन तोडायचं का? अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानुसार, पुन्हा पुन्हा सापडणाऱ्या ग्राहकाला बंद करण्याचं धोरण इंटरनेट कंपनीनं राखलं तरच ग्राहकाच्या चोरीच्या दाव्यापासून तिला संरक्षण मिळतं. कॉक्स या तिथल्या इंटरनेट कंपनीनं ते नीट पाळलं नाही म्हणून २०१९ मध्ये ज्यूरीनं १०० कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. २०२४ मध्ये अपील न्यायालयानं ती रक्कम रद्द केली. कॅनडात २०१५ पासून नोटीस ग्राहकाकडे पोचवणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे ना हे, ना ते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ नुसत्या वाहून नेणाऱ्याला काही अटींवर संरक्षण देतं. कॉपीराइट नियमांतली ३६ तासांत मजकूर अडवण्याची तरतूद तो साठवणाऱ्या, लिंक देणाऱ्या सेवांसाठी आहे, घरच्या कनेक्शनसाठी नव्हे. आपली न्यायालयं मुख्यतः साइट बंद करायला सांगतात. नोटिशीत पुष्कळदा अमेरिकी कायद्याचा दाखला असतो. तो निपाणीत कुणाचं नेट तोडू शकत नाही. तरी "काय होत नाही हो" म्हणून मेल पुसून टाकणं मला पटत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे, आणि टोरंटवर वाटपही होतं, हे आपण पाहिलंच.

(दृश्य : केबलवाला फोनवर बोलतोय.)

ग्राहकाची माहिती गोपनीय ठेवणं परवान्याच्या अटीतच आहे. म्हणून नोटीस पाठवणाऱ्यानं नुसतं मागितलं म्हणून नाव द्यायचं नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा अधिकृत यंत्रणेचा आदेश लागतो. समजूतदार केबलवाला फोन करून एवढंच सांगतो : टोरंट चालू असेल तर बंद करा, वायफायचा पासवर्ड बदला, आणि मेलमध्ये "पैसे भरून मिटवा" अशी लिंक असेल तर ती उघडू नका.