ओंडक्याचा दाखला आणि कंटेनरचा परवाना
(फोंडा येथे लाकूड व्यापारी आणि फर्निचर कारागीर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

फर्निचर परदेशी पाठवायचे, तर त्यातले लाकूड कुठून आले याचा कागद लागतो. त्या कागदाबद्दल मी बोलणार आहे.

म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. गॅबॉनने ती 2010 मध्येच केली होती आणि काँगो प्रजासत्ताकाने 2023 मध्ये केली. आपले झाड आपल्याच देशात कापले जावे, करवतीचा आणि रंध्याचा रोजगार आपल्याच माणसांना मिळावा, हा या देशांचा हिशेब आहे आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तोच केला असता. परिणाम असा झाला की कांडला किंवा मंगळूर बंदरात उतरणारा साग आता बहुतांशी इक्वेडोर, पनामा, कोस्टा रिका, टांझानिया अशा देशांतल्या लागवडीतून येतो. वखारीत मात्र गिऱ्हाइकाला अजूनही ‘बर्मा’ म्हणूनच फळी दाखवली जाते. गिऱ्हाईक म्हापशाचे असेल तोवर ही सवय खपून जाते. तीच फळी खुर्चीच्या रूपाने परदेशी निघाली, की ती अंगाशी येते. अमेरिकेत लाकडी वस्तू आयात करताना त्या लाकडाचे शास्त्रीय नाव, प्रमाण, किंमत आणि झाड कोणत्या देशात तोडले हे लिहून द्यावे लागते. डिसेंबर 2024 पासून ही सक्ती जवळजवळ सर्व वनस्पतिजन्य मालाला लागू झाली आहे. शिवाय म्यानमारच्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपीय संघ या दोघांनीही 2021 मध्ये निर्बंध घातले. म्हणजे भाव वाढवण्यासाठी मारलेली एक थाप माल अडकवण्यास पुरेशी आहे.

अमेरिकेच्या ज्या कायद्यामुळे हे घडते, तो लेसी कायदा मूळचा 1900 सालचा, वन्य प्राणी-पक्ष्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा. 2008 मध्ये त्यात वनस्पती आणि लाकूड आले. त्याचे खरे सामर्थ्य असे आहे की झाड ज्या देशात तोडले गेले, तिथला कायदा मोडला असेल तरी तो माल अमेरिकेत बेकायदेशीर ठरतो. गिब्सन या प्रसिद्ध गिटार कंपनीच्या कारखान्यांवर 2009 आणि 2011 मध्ये छापे पडले. पहिल्या वेळी मादागास्करचे एबनी (काळे, कठीण लाकूड) होते. दुसऱ्या वेळी भारतातून गेलेल्या शिसव आणि एबनीच्या पट्ट्या होत्या आणि त्यांची जाडी भारताच्या निर्यात नियमात बसते की नाही, हा प्रश्न थेट अमेरिकी यंत्रणेपुढे आला. 2012 मध्ये कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवले. आपल्या देशातल्या एका तांत्रिक नियमावर टेनेसीतल्या कंपनीने वकील उभे केले, ही गोष्ट मला सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या व्यापाऱ्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते.

कारण आपल्याकडे झाड तोडण्याची परवानगी ही अजूनही नाक्यावर दाखवण्यापुरती गोष्ट मानली जाते. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये गोव्यात खाजगी जमिनीतले झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. (2016 मध्ये याच कायद्यातून माडाला वगळले गेले, त्यावर केवढा गदारोळ झाला आणि 2017 मध्ये माड पुन्हा कायद्यात आला, हे आपल्याला आठवत असेल. किंजळ किंवा जांब्यासाठी असा गदारोळ कधी होत नाही.) त्यावर 12 डिसेंबर 1996 चा गोदावर्मन या वनसंरक्षणाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. त्याने ‘वन’ म्हणजे सरकारदप्तरी नोंदलेले वन एवढाच अर्थ न ठेवता, जंगल असलेली जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिला वनाचे संरक्षण लागू केले आणि परवाना नसलेल्या करवत गिरण्यांवरही गदा आणली. गोव्यात त्यातून खाजगी वने ठरवण्याचे निकष आले: किमान 5 हेक्टर क्षेत्र, 75 टक्के वनवृक्ष आणि 40 टक्के छत्रघनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेल्या जमिनीचे प्रमाण). जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकष कायम ठेवले. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) डोंगराळ जमिनीतली मट्टी किंवा किंजळ विकत घेताना ती जमीन या निकषांत बसते का, हे आधी विचारावे लागते. न विचारता घेतलेल्या झाडाचे कपाट पुढे लेसी कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. कर्नाटक वनखात्याच्या दांडेलीच्या आगारातून लिलावात घेतलेल्या लाकडाची गोष्ट सोपी असते, कारण त्यावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना असतो. तो कागद पुढे कुठे जातो, याकडे मी नंतर येतो.

शिसव आणि शिसम यांची कथा वेगळी आहे. लाकूड वैध असले तरी त्याच्या जातीमुळेच त्यावर बंधन येते. जोहान्सबर्ग येथे 2016 मध्ये साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या बैठकीत शिसव आणि शिसम ज्यात येतात ती संपूर्ण डाल्बर्जिया प्रजातीच परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या यादीत, टाकण्यात आली आणि 2 जानेवारी 2017 पासून तो नियम लागू झाला. मूळ चिंता आग्नेय आशिया आणि मादागास्करच्या रोझवूडची, चीनच्या बाजारासाठी चाललेल्या बेसुमार तोडीची होती. पण लाकूड पाहून जात ओळखणे सीमाशुल्क अधिकाऱ्याला जमत नाही, म्हणून सगळी प्रजातीच सरसकट आत आली. उत्तर भारतात शेताच्या बांधावर मुबलक वाढणारे शिसम त्यात विनाकारण भरडले गेले. भारत सरकारने दिलेल्या माहितीनुसार वर्षाला सुमारे 1000 कोटी रुपयांची निर्यात 500 ते 600 कोटींवर घसरली. 2022 मध्ये पनामाच्या बैठकीत भारताने पाठपुरावा करून खुलासा मिळवला: प्रत्येक वस्तूत शिसमाचे वजन 10 किलोपेक्षा कमी असेल, तर अशा कितीही वस्तू एकाच खेपेत साइट्स परवान्याशिवाय पाठवता येतात आणि वजन धरताना त्यातले धातू किंवा इतर लाकूड मोजायचे नाही. फोटोफ्रेम, पेटी, छोटे स्टूल सुटले. पलंग आणि जेवणाचे टेबल सुटले नाही. त्याच बैठकीत आफ्रिकेतील पडौकच्या जातीही परिशिष्ट दोनमध्ये आल्या. हे तांबडे लाकूड आपल्याकडे वापरणाऱ्या कारागिरांनी त्याची नोंद घ्यावी.

युरोपचा प्रश्न आणखी पुढे जातो. 2013 पासून लागू असलेल्या तिथल्या लाकूड नियमाने माल कायदेशीर आहे का, एवढेच विचारले होते. 2023 च्या जंगलतोडविरोधी नियमाने झाड कोणत्या जमिनीवर वाढले, हे अक्षांश-रेखांशांसह विचारले आहे आणि 31 डिसेंबर 2020 नंतर ती जमीन जंगल तोडून तयार झालेली नसावी, अशी अट घातली आहे. त्याची अंमलबजावणी दोनदा लांबली. आता मोठ्या आणि मध्यम उद्योगांसाठी 30 डिसेंबर 2026 आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 30 जून 2027 अशा तारखा आहेत. भारताला मे 2025 मध्ये कमी जोखमीच्या देशांत ठेवले गेले, त्यामुळे आयातदाराचे तपासणीचे ओझे हलके होते. तरीही जमिनीचा ठावठिकाणा द्यावाच लागतो. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हजारो हेक्टरांची लागवड होती. एका पलंगात तीन भाटांतला (बागायतींतला) साग आणि दांडेलीची फळी एकत्र वापरणारा कुडचड्याचा मेस्त (सुतार) त्यांना ठाऊक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच नियमात गोव्यासाठी एक वाट मात्र मोकळी आहे. ज्या लाकडाचे आयुष्य संपले आणि जे एरवी टाकून दिले गेले असते, केवळ त्याच्यापासून केलेल्या वस्तूंना हा नियम लागू नाही. पोर्तुगीज काळातली घरे पाडली जातात, तेव्हा निघणाऱ्या तुळया, दारे आणि वासे यांपासून फर्निचर करणाऱ्या आपल्या कार्यशाळांना याचा फायदा आहे. पण ते घर पाडल्याचा आणि लाकूड तिथून आणल्याचा पुरावा हवा. जुन्या शिसवीवर साइट्सचा अंमल राहतोच. आणि वस्तूच जशीच्या तशी शंभर वर्षांहून जुनी असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ती खाजगी व्यक्तीला निर्यातच करता येत नाही. बाणावलीतल्या आजोबांचे शिसवी कपाट लिस्बनच्या नातवाकडे पाठवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे ते पुरावस्तू नाही असा दाखला मागावा लागतो आणि तो मिळेलच असे नाही.

जकातीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ती राजकारणाबरोबर बदलते. अमेरिकेने ऑक्टोबर 2025 मध्ये गादीच्या लाकडी फर्निचरवर आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांवर 25 टक्के शुल्क लावले. जानेवारी 2026 पासून ते अनुक्रमे 30 आणि 50 टक्के होणार होते, ती वाढ वर्षभर पुढे गेली. त्याच घोषणेतले 10 टक्के शुल्क मऊ लाकडावर आहे, कठीण लाकडाच्या फळीवर नाही. प्लायवुड वापरणाऱ्यांसाठी आयएसआय चिन्हाची सक्ती आली आहे, ती आपल्याला माहीत आहेच. पेटीचे पॅकिंगचे लाकूडही गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटे तापवलेले आणि शिक्का असलेले असावे लागते, हे मात्र पुष्कळजण विसरतात.

आता त्या कागदाकडे येतो. वनखात्याच्या आगारातून निघालेला परवाना ओंडक्याचा असतो. ओंडका करवत गिरणीत चिरला जातो, त्याच्या फळ्या घनफुटाच्या हिशेबाने पाच जणांकडे जातात आणि परवाना गिरणीच्या फाइलीत राहतो. साखळी तुटते ती जंगलात नाही, बंदरातही नाही, ती इथे तुटते. त्यासाठी संगणकप्रणालीची वाट पाहण्याची गरज नाही. गिरणीने प्रत्येक चिराईला क्रमांक द्यावा, तो फळीच्या टोकाला खडूने न लिहिता रंगाने लिहावा, बिलावर जात, चिराई क्रमांक आणि मूळ परवान्याचा क्रमांक टाकावा आणि परवान्याची छायाप्रत प्रत्येक खरेदीदाराला द्यावी. कारागिराने ज्या वस्तूत ज्या चिराईची फळी गेली, त्याची वहीत नोंद ठेवावी. केंद्राने जून 2025 मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले आहेत. त्यांत लागवडीची ऑनलाइन नोंदणी आणि तिचे स्थान नमूद करण्याची तरतूद आहे. गोव्याने ते स्वीकारले, तर युरोपला हवे असलेले अक्षांश-रेखांश भाटकाराच्या नोंदणीतूनच मिळतील. म्हणून आपल्या संघटनांनी वनखात्याकडे दरातल्या सवलतीचे निवेदन घेऊन जाण्याआधी या नियमांचे निवेदन घेऊन जावे आणि त्यात आणखी एक मागणी जोडावी: एका ओंडक्याच्या परवान्यावरून गिरणीला फळ्यांसाठी अधिकृत उपपरवाने देता यावेत.