अजिंठ्याची वाट लंडनवरून

श्रोतेहो, नमस्कार.

"मला परदेशात जाऊन कलेचा इतिहास शिकायचाय," असं मी घरात पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला? मुंबईत जे. जे. आहे की." आईची काळजी वेगळीच. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला बी ग्रेड होती, ती तिकडे चालेल का? दोघांचा घोटाळा एकच होता, आणि आज मला फोन करणारे पालकही नेमका तोच करतात. कलेतिहासाच्या विद्यार्थ्याला चित्र काढता आलं तर छानच, नाही आलं तरी कुणी विचारत नाही. ही विद्या बघण्याची आणि बघितलेलं लिहिण्याची. अर्जासोबत मागतात तो तुमचा एखादा निबंध. चित्रांची फाइल मागत नाहीत.

आता बघण्यात काय शिकायचं, डोळे तर सगळ्यांनाच असतात, असं मलाही वाटायचं. लंडनला पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते वाटणं गेलं.

आमच्या बाई आम्हा आठ जणांना घेऊन स्ट्रँडवरच्या कोर्टोल्ड गॅलरीत गेल्या. तिथे एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं एक प्रसिद्ध चित्र आहे, १८८२ सालचं. पॅरिसच्या फोली बेर्जेर या करमणुकीच्या जागेतला बार, आणि काउंटरमागे उभी असलेली एक मुलगी. बाईंनी घडी घालता येणाऱ्या स्टुलांकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, बसा, अर्धा तास कुणी बोलायचं नाही. अर्ध्या तासाने मला विचारलं, काय दिसलं? मी आपल्या सवयीप्रमाणे सुरू झाले. मानेचा जन्म १८३२ चा, तो दृक्प्रत्ययवाद्यांच्या, म्हणजे इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या, जवळचा, हे त्याचं शेवटचं मोठं चित्र. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे सगळं भिंतीवरच्या पाटीवर आहे. चित्रात काय आहे?

मी पुन्हा पाहिलं. तेव्हा कुठे डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, हिरवे बूट घातलेले दोन पाय लटकताना दिसले. झोक्यावर कसरत करणाऱ्या बाईचे पाय. बाकीची बाई चित्राच्या चौकटीबाहेर. काउंटरवर बिअरच्या बाटलीवर लाल त्रिकोण आहे. डावीकडच्या एका बाटलीच्या लेबलवर चित्रकाराने स्वतःची सही आणि साल टाकलंय. आणि मुलीच्या मागे आहे तो भलामोठा आरसा. म्हणजे समोर दिसणारी सगळी गर्दी खरं तर आपल्या पाठीमागे आहे! पण मग मुलीचं प्रतिबिंब तिच्या बरोब्बर मागे असायला हवं. ते सरकून उजवीकडे गेलंय, थोडं पुढे झुकलंय, आणि टोपीवाल्या एका मिशाळ माणसाशी बोलतंय. समोरून पाहावं तर मुलगी कुणाशीच बोलत नाहीये. मी म्हणाले, चित्रकार चुकला. बाई हसल्या. ही चूक आहे की मुद्दाम केलंय, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चाललाय, तू आज त्यात सामील झालीस, असं काहीसं म्हणाल्या.

त्यांना मी 'बाई' म्हणतेय ते आत्ता, तुमच्याशी बोलताना. तिकडे प्राध्यापकांना सरळ पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते दोन महिने जमलं नाही. मी वाक्यंच अशी रचायचे की नाव घ्यायची वेळच येऊ नये.

ज्या कोर्टोल्डचं नाव घेतलं, ती मूळची शिक्षणसंस्था. सॅम्युअल कोर्टोल्ड या कापड-उद्योगपतीने दोन साथीदारांबरोबर १९३२ साली सुरू केली. ब्रिटनमध्ये कलेतिहास हा पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून रुजवण्यात तिचा वाटा फार मोठा. जाता जाता सांगते, या संस्थेचे संचालक अँथनी ब्लंट सत्तावीस वर्षं त्या खुर्चीवर होते, शिवाय राणीच्या चित्रसंग्रहाची देखरेखही त्यांच्याकडेच. १९७९ साली जाहीर झालं की हे गृहस्थ सोव्हिएत रशियाचे हेर होते. कलेतिहासात थरार नसतो असं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवते.

पण लंडनमध्ये मला खरा जीव लावला तो वॉरबुर्ग इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने. आबी वॉरबुर्ग हा हॅम्बुर्गच्या सावकारी घराण्यातला थोरला मुलगा. त्याच्या घरची गोष्ट अशी सांगतात की तेराव्या वर्षी त्याने धाकट्या भावाशी सौदा केला: पेढीवरचा थोरलेपणाचा हक्क तू घे, बदल्यात मला हवी ती पुस्तकं जन्मभर घेऊन दे. भावाने शब्द पाळला, आणि आपण कशाला हो म्हणून बसलो हे त्याला पुढे बिलं यायला लागल्यावर कळलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर हे सगळं ग्रंथालय जहाजांवर चढवून लंडनला आणलं गेलं. तिथली पुस्तकं लेखकाच्या नावाने किंवा आकाराने लावत नाहीत, शेजारधर्माने लावतात. म्हणजे तुम्ही ज्या पुस्तकासाठी गेलात त्याच्या शेजारचं, ज्याचं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेच तुमच्या कामाचं निघतं. ज्योतिषाशेजारी चित्रकला, त्याशेजारी जादूटोणा. मी एकदा राशिचक्राच्या चित्रांवरचं एक पुस्तक काढायला गेले आणि संध्याकाळी दिवे घालवायची वेळ होईपर्यंत जमिनीवरच बसून राहिले.

आता अजिंठ्याकडे येते. शीर्षकातच तसं कबूल केलंय.

शाळेच्या सहलीत मी अजिंठा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे रांगेत पुढे सरकले होते. लंडनमध्ये प्रबंधिकेचा विषय ठरवताना मला कळलं की अजिंठ्याचा एक मोठा तुकडा तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि तो आपल्याच मुलांनी रंगवलेला आहे. झालं असं की रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकापासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ मध्ये मुंबईच्या आर्ट स्कूलचे, म्हणजे आपल्या जे. जे. चे, जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. पुढची तेरा वर्षं हे काम मोसमामोसमाने चाललं. सुमारे ३०० प्रती झाल्या. त्या लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये त्यातल्या शंभराहून अधिक पुन्हा आगीतच गेल्या! उरलेल्या आज त्या संग्रहालयाकडे आहेत. त्या विद्यार्थ्यांपैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले. बाकीच्यांची नावं घेणारं फारसं कुणी नाही.

या प्रतींवर निबंध लिहायचा म्हणजे काय करायचं? आधी वाटलं, मूळ चित्राशी ताडून बघायचं, किती हुबेहूब आलंय ते. मार्गदर्शकांनी ती कल्पना पहिल्याच भेटीत मोडीत काढली. मूळ चित्र १८७२ पासून तसंच राहिलंय हे कशावरून? पाणी झिरपलंय, वटवाघळं आहेत, आणि चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निशही फिरवलं गेलंय. म्हणजे आज भिंतीवर नसलेलं काहीतरी कॅनव्हासवर टिकून असू शकतं. आणि उलट, रंगवणाऱ्याच्या युरोपीय तालमीने कॅनव्हासवर जी सावली घातली ती भिंतीवर कधी नव्हतीच, असंही असू शकतं. नक्कल आणि अस्सल यांत कोण कुणाचा साक्षीदार, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

असं बघण्याचं दुसरं उदाहरण अमेरिकेचं. मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक दशकानुदशकं अजिंठ्याला येत राहिले. ते चित्रांइतकेच दारांकडे बघत. दार फिरवण्यासाठी कोरलेले खळगे कुठल्या लेण्यात कशा पद्धतीचे, कुठली खोली अर्धवट सोडली, छिन्नीचं काम कुठे घाईचं वाटतं. असल्या खुणांवरून त्यांनी मांडलं की अजिंठ्याची नंतरची लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इसवी सन ४६० ते ४८० या जेमतेम वीस वर्षांत झाली. अनेक अभ्यासकांना हे पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण खळग्यावरून राज्याचा उदयास्त वाचायला जाणं, याला मी कलेतिहास म्हणते.

बरं, आता पैशाचं. हे टाळून चालत नाही.

ब्रिटनमधलं एमए एका वर्षात आटपतं, पण बाहेरच्या विद्यार्थ्याला नुसती फीच पंचवीस-तीस लाख रुपयांच्या आसपास जाते, आणि लंडनचं घरभाडं वेगळं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही. पण दक्षिण आशियाच्या अभ्यासासाठी ज्याचं नाव घेतलं जातं ते हायडेलबर्ग नेमकं ज्या राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेतात. अमेरिकेत एमए महाग, पण मोठ्या विद्यापीठात पीएचडीला निवड झाली तर फी माफ होऊन वर पाठ्यवृत्ती मिळते. पाच-सहा वर्षं द्यायची तयारी हवी. शिष्यवृत्त्यांमध्ये चेव्हनिंग, इनलॅक्स, फेलिक्स, जर्मनीची डाड (DAAD) ही नावं टिपून ठेवा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ते कर्जाऊ, हे लक्षात असू द्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. मात्र २०२२ मध्ये तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषय तिच्यातून वगळले गेले. म्हणजे दलित वस्तीतल्या एखाद्या मुलीला बौद्ध लेण्यांवर लंडनमध्ये काम करायचं असेल, तर तिने कुठे जायचं? मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. अर्ज करण्याआधी चालू वर्षाचे नियम स्वतः वाचून घ्या.

भाषेबद्दल एक. अमेरिकेत पीएचडी करताना इंग्रजीखेरीज एक-दोन भाषा वाचता येतात हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी त्या म्हणजे जर्मन आणि फ्रेंच. भारतीय कलेवर काम करणाऱ्याला संस्कृत, फारसी असलं काहीतरी लागतं. आपल्याकडे मात्र एक हुकमाचा पत्ता हातात असून आपण तो टाकत नाही: मोडी लिपी. पेशवाईतल्या वाड्यांची भित्तिचित्रं, मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यातली घ्या, यांच्याबद्दल लिहायचं तर कागद मोडीत आहेत. मोडी वाचणारा मराठी विद्यार्थी लंडनमध्ये दुर्मीळ असतो. मी शिकले नाही, आणि प्रबंधिकेच्या वेळी पस्तावले.

आणि गुणांबद्दल, म्हणजे घरच्यांची तयारी राहील. माझ्या पहिल्या निबंधाला ६२ मिळाले. बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडे जरा शांतता, मग हळूच प्रश्न आला, "आजारी होतीस का गं?" ब्रिटनमध्ये एमएला पन्नासला पास आणि सत्तरला विशेष प्रावीण्य, हे त्यांना पटवायला मला वर्ष लागलं. शेवटी ७१ आले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, पण शेजाऱ्यांना आकडा सांगितला नाही.

परत आल्यावर नोकऱ्या आहेत का, हा प्रश्न पत्रांतून सगळ्यात जास्त येतो. आहेत, थोड्या आहेत. संग्रहालयं, लिलावगृहं, संवर्धन, अध्यापन. इंजिनीअरिंगसारखी रांग लागत नाही. ज्यांना आधी इथेच पाय भिजवून बघायचे असतील त्यांच्यासाठी बडोद्याचा कलेतिहास विभाग आहे, पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. बडोद्याहून पुढे बाहेर गेलेले कितीतरी जण आहेत.

ज्यांना यंदाच अर्ज करायचाय, त्यांनी हेतूपत्राची सुरुवात कृपा करून "लहानपणापासून मला कलेची आवड आहे" अशी करू नये. ते वाक्य निवड समितीने हजार वेळा वाचलंय. एक वस्तू निवडा आणि तिच्यापासून सुरुवात करा. सुचत नसेल तर अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात जा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी असते, फार वेळ थांबू देत नाहीत. सव्विसाव्यात आडवा झालेला बुद्ध आहे, सुमारे सात मीटर लांब, आणि खाली शोक करणाऱ्यांची रांग आहे. त्या रांगेतल्या एकेकाचे हात बघा. कुणाचा कुठे आहे, कोण कुणाकडे वळलाय. अर्धा तास. वही न्या, आणि पेनाऐवजी पेन्सिल न्या. पुढे परदेशातल्या चित्रसंग्रहांच्या अभ्यासिकेत बसाल तेव्हा पेन आत नेऊ देत नाहीत, आत्ताच सवय झालेली बरी. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.

नमस्कार.