ग्रँड प्रेरीची दुपार

अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

२०२४ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकातील अनपेक्षित निकालांवर बोलावे असे मला सुचवण्यात आले, तेव्हा मी लगेच होकार दिला. त्या निकालांपैकी सर्वांत मोठा निकाल, अमेरिकेने पाकिस्तानला हरवल्याचा, आपल्या डॅलसजवळच्या ग्रँड प्रेरीच्या मैदानावर लागला आणि ६ जून २०२४ च्या त्या गुरुवारी मी तिथे हजर होतो. कामावरून रजा काढून मी गेलो होतो खरा, पण पाकिस्तानच्या बाबर आझमची फलंदाजी आणि शाहीन आफ्रिदीची गोलंदाजी पाहण्यासाठी. समोर अमेरिकेचा संघ असेल, याहून अधिक विचार मी त्या संघाचा केला नव्हता. आज मला जे सांगायचे आहे, ते माझ्या या चुकीपासूनच सुरू होते.

विचार करायला पुरेशी कारणे होती. मे महिन्यात याच टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या प्रेरी व्ह्यूला, अमेरिकेने बांगलादेशाला मालिकेत २-१ असे हरवले होते. स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात कॅनडाने १९४ धावा उभ्या केल्या असताना आरोन जोन्सने ४० चेंडूंत १० षटकारांसह नाबाद ९४ धावा काढल्या आणि अमेरिकेने चौदा चेंडू राखून सामना जिंकला. हे सगळे वर्तमानपत्रांत आले होते, मी वाचलेही होते. तरीही पाकिस्तानसमोर हा संघ टिकेल असे मला वाटले नाही. निकाल अनपेक्षित ठरला, त्यात मैदानावरच्या खेळाचा वाटा किती आणि आम्हा प्रेक्षकांच्या दुर्लक्षाचा किती, हे मला त्या दिवसापासून स्वतःला विचारावेसे वाटते.

अमेरिकेने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. दुसऱ्याच षटकात सौरभ नेत्रावळकरच्या चेंडूवर रिझवानच्या बॅटची कड लागली आणि स्लिपमध्ये स्टीव्हन टेलरने झेपावून एका हाताने झेल घेतला. त्यानंतर पाकिस्तानचा डाव कधीच मोकळेपणाने वाहिला नाही. अमेरिकेच्या केंजिगेने तीन बळी घेतले, बाबरला ४४ धावांसाठी ४३ चेंडू लागले आणि धावफलकावर १५९ लागले. मोनांक पटेलने कर्णधाराला शोभेल असे अर्धशतक केले. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना नितीश कुमारने हारिस रौफला मिड-ऑफवरून चौकार मारला आणि सामना बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्ये, म्हणजे निकालासाठीच्या एका जादा षटकात, अनुभवी मोहम्मद आमिरचे वाईड चेंडू आणि त्यांवर पळून काढलेल्या धावा यांच्या आधारे अमेरिकेने १८ धावा केल्या. उत्तरादाखल चेंडू हाती घेतला तो नेत्रावळकरने, आणि पाकिस्तानला १३ धावांवर रोखले.

या गोलंदाजाबद्दल थोडे थांबून बोलणे मला आवश्यक वाटते. सौरभ मुंबईचा. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला आणि भारताचा सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरला. त्या स्पर्धेत भारताला उपांत्यपूर्व फेरीत हरवणारा संघ पाकिस्तानचाच होता. पुढे मुंबईकडून त्याला रणजी करंडकाचा एकच सामना मिळाला. संगणक अभियांत्रिकीची पदवी त्याच्याजवळ होती. त्याने २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा रस्ता धरला आणि नंतर ओरॅकलमध्ये नोकरी केली. इथवरचा हा प्रवास या सभागृहातील निम्म्या लोकांचा आहे. फरक असा, की देश सोडताना आपल्यापैकी बहुतेकांनी जे मागे ठेवले, ते त्याने पुन्हा हाती घेतले. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी खेळत तो या देशाचा कर्णधारही झाला. मुंबईच्या मैदानांत घोटून घेतलेला टप्पा आणि दिशा चौदा वर्षांनी ग्रँड प्रेरीत कामी आली. त्या षटकाला वृत्तपत्रांनी चमत्कार म्हटले, तो शब्द मला पटत नाही.

नशिबाचा भाग नव्हता, असे मात्र मी म्हणणार नाही. वीस षटकांच्या खेळात दोन चांगली षटके आणि एक अप्रतिम झेल सामना फिरवू शकतात. हेच दोन संघ पाच दिवस खेळले असते, तर पाकिस्तानच जिंकला असता असे माझे मत आहे. फ्लोरिडातील लॉडरहिलला अमेरिकेचा आयर्लंडविरुद्धचा सामना पावसाने वाहून गेला, तेव्हा अमेरिकेला एक गुण मिळाला आणि पाकिस्तान स्पर्धेबाहेर गेला. त्या पावसाचे श्रेय कोणी घेऊ नये. पण पाऊस उपयोगी पडावा इतके गुण आधी जमवावे लागतात.

न्यूयॉर्कमध्ये भारत आणि अमेरिका समोरासमोर आले, तेव्हा आपली मने कशी दुभंगली हे इथे वेगळे सांगायला नको. सौरभने कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि रोहितला तीन धावांवर बाद केले. आमच्या घरी त्या क्षणी काही काळ कोणीच बोलले नाही. पुढे त्याच्याच हातून सूर्यकुमारचा झेल सुटला, सूर्यकुमारने नाबाद ५० केल्या आणि भारत जिंकला. मला आनंद झाला, आणि त्या झेलाची हळहळही वाटली. दोन्ही भावना खऱ्या होत्या.

अफगाणिस्तानची गोष्ट याहून मोठी आहे. आदल्या नोव्हेंबरमध्ये, एकदिवसीय विश्वचषकात, वानखेडेवर अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली होती आणि मॅक्सवेलने पायात गोळे येत असताना एका जागी उभे राहून नाबाद २०१ धावा काढल्या. त्याचा झेल ३३ धावांवर सुटला होता. सात महिन्यांनी सेंट व्हिन्सेंटच्या आर्नोस व्हेल मैदानावर तोच मॅक्सवेल ५९ धावांवर पुन्हा सामना ओढून नेत होता. या वेळी गुलबदिन नाइबच्या चेंडूवर नूर अहमदने झेल सोडला नाही. अफगाणिस्तान २१ धावांनी जिंकला. न्यूझीलंडला त्यांनी त्याआधीच ७५ धावांत गुंडाळले होते, आणि बांगलादेशाला हरवून ते उपांत्य फेरीत पोहोचले. तिथे सर्वबाद ५६ झाले, हेही नोंदवले पाहिजे. पेशावरच्या निर्वासित छावण्यांत ज्या खेळाचे मूळ रुजले, त्याचे हे फळ पाहताना माझे डोळे भरून आले. आणि त्याच देशातील मुलींना आज मैदानावर पाऊल ठेवता येत नाही, याचे दुःखही त्या आनंदात मिसळलेले होते. त्यांच्या संघाबद्दल बोलताना हे टाळणे मला योग्य वाटत नाही.

अमेरिका पुढच्या फेरीतील तिन्ही सामने हरली. परंतु त्या फेरीत पोहोचल्यामुळे २०२६ च्या विश्वचषकात तिला पात्रता फेरी न खेळता थेट प्रवेश मिळाला. त्या स्पर्धेचे यजमान भारत आणि श्रीलंका. यापुढे मी तिकीट काढीन ते अमेरिकेचा संघ पाहण्यासाठी.