तीस थर मांजरपाट

(दृश्य : शिलाई मशीन, अगदी जवळून. सुई अडकते.)

सुई पुन्हा तुटली. अठरा नंबरची जाड सुई एरवी जीन्सलाही पुरते. पण एकावर एक तीस थर मांजरपाट ठेवल्यावर तिनंही हात टेकले. काका मशीन बाजूला सारतात आणि भिंतीला खोचलेलं दाभण काढतात. पोती शिवायचं दाभण. आता पुढचं सगळं हातानं.

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा. बाहेर कपाशीची वावरं, आत शिंप्याचं दुकान. शाळेचे गणवेश, लग्नसराईतले ब्लाऊज, म्हाताऱ्यांच्या बंड्या. गावाला ठाऊक असलेलं दुकान एवढंच. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात काकांनी जमवलेली जुनी लढाईतली जॅकेटं आहेत, ती फार थोड्यांनी पाहिलीत.

(दृश्य : थरांच्या कडा, खडूच्या रेघा, दाभण आरपार जाताना.)

काका शिवतायत ते एका कोरियन जॅकेटची नक्कल आहे. १८६६ साली फ्रेंच आरमारानं कोरियाच्या गांघ्वा बेटावर हल्ला केला. त्यांच्या बंदुका पाहून कोरियाच्या दरबारानं गोळी अडवणारा अंगरखा करायला सांगितला. कारागिरांकडे होतं काय? सुती कापड. बारा थरांपर्यंत गोळी पोचते असं चाचण्यांत दिसलं, म्हणून त्यांनी तीस थर घातले. त्या अंगरख्याचं नाव म्योंजे बेगाप.

जून १८७१ मध्ये त्याच बेटावर अमेरिकन सैन्य उतरलं, तेव्हा कोरियन शिपायांच्या अंगात हे सुती अंगरखे होते. उन्हाळ्यात जीव नकोसा करणारे, आणि तोफेच्या माऱ्यात पेट घेणारे. त्यातला एक अमेरिकेत गेला, तिथल्या संग्रहालयात राहिला आणि २००७ साली कोरियात परत आला.

कापसाच्या मुलखातला शिंपी हे वाचतो आणि गप्प बसत नाही. आर्वीच्या बाजारातून मांजरपाटाचा अख्खा तागा आणतो.

“थर मोजून टाकले भाऊ, पन टाका कसा मारला असंल हे फोटोत दिसून नाही रायलं,” काका म्हणतात. म्हणून आधी कडेनं टाके, मग आडव्या ओळी. चूक की बरोबर, ते कोरियातल्या त्या एका अंगरख्यालाच ठाऊक. बाहेर बेचाळीस अंश तापमान आहे. काका नक्कल अंगात घालतात, चौकापर्यंत जातात आणि परत येतात. (दृश्य : काकांचा चेहरा. इथे निवेदन नाही.)

योगायोग पाहा. १८७१ च्या त्या लढाईनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी त्याच कोरियात नव्या तऱ्हेचं थरांचं जॅकेट युद्धात उतरलं. १९५२ च्या अमेरिकन लष्करी नमुन्यात नायलॉनचे १२ थर होते. त्याआधीच्या मरीन दलाच्या नमुन्यात काचतंतू दाबून केलेल्या ‘डोरॉन’च्या पट्ट्या होत्या. बंदुकीची थेट गोळी अडवणं हा दोघांचाही उद्देश नव्हता. युद्धात बहुतेक जखमा तोफगोळ्यांच्या आणि बॉम्बच्या उडालेल्या तुकड्यांनी होतात, आणि ही जॅकेटं त्या तुकड्यांसाठी होती. आपल्याकडे सरसकट सगळ्यांनाच ‘बुलेटप्रूफ’ म्हणतात. काका तो शब्द दुकानात चालू देत नाहीत.

(दृश्य : कपाट उघडतं. हिरवट जॅकेट, उभी कॉलर.)

हे एम-६९. व्हिएतनाम युद्धातलं. वजन पावणेचार किलोच्या आसपास. आत नायलॉनचे थर आणि त्यांच्यावर पाणी न शिरणारं प्लास्टिकचं आवरण, कारण भिजलेला नायलॉन कामात कमी पडतो. मुंबईत सिनेमाला कपडे भाड्यानं देणाऱ्या एका गोदामाची आवराआवर झाली, त्यात हे मिळालं. त्याच गठ्ठ्यात तशीच दिसणारी आणखी काही होती. काकांनी ती हातात घेऊन लगेच खाली ठेवली. आत फोम होता.

खरं जॅकेट ओळखायचं कसं? काका आधी आतली बाजू उलटतात. वरचं कापड कुणीही शिवेल. अस्तराची टीप किती बारीक आहे, जिथे ताण येतो तिथे आडवे दाट टाके मारलेत का, दोरा सुती की नायलॉन, चेनच्या पट्टीची कड दुमडलीय की नुसती कापलीय, हे सगळं शिंप्याचा अंगठा आधी सांगतो. वजनकाटा नंतर.

आणि मग लेबल.

(दृश्य : भिंग, पुसट अक्षरं. शॉट लांब ठेवणे.)

हे चार बोटांचं सुती लेबल वाचायला काकांनी इंग्रजी अक्षरं पुन्हा घोटली. ‘डीएसए १००’ म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण पुरवठा विभागानं केलेली खरेदी. त्यापुढचे दोन आकडे म्हणजे कराराचं सरकारी वर्ष. ६७ असेल तर १९६७. पण सावध राहायचं, कारण १९७६ पर्यंत अमेरिकेचं सरकारी वर्ष १ जुलैला सुरू व्हायचं. म्हणजे लेबलावरचं ६७ प्रत्यक्षात १९६६ च्या पावसाळ्यातलंही असू शकतं. १९७७ मध्ये त्या विभागाचं नाव बदललं, तेव्हापासून डीएसएच्या जागी डीएलए दिसतं. लेबलावर साठ्याचा क्रमांक, म्हणजे सरकारी कोठारातला मालाचा नंबरही असतो. त्याची सुरुवात ८४७० अशी असेल तर माल ‘अंगावरचं चिलखत’ या वर्गातला. तो क्रमांक अकरा अंकी असेल तर जुना, तेरा अंकी असेल तर १९७४ नंतरच्या पद्धतीचा.

विकणारे नेमकं हेच लेबल आधी कापतात. कुणाला ते टोचतं, कुणाला मालाचा माग लागू द्यायचा नसतो.

“लेबल गेलं म्हंजे सातबारा गेला, भाऊ. मंग वावर कोनाचं, कोनी सांगावं?”

काकांच्या वहीत प्रत्येक जॅकेटाला एक पान आहे. लेबलाची हातानं काढलेली नक्कल, टाक्यांची संख्या, मापं, दुरुस्तीच्या खुणा. हे काम विद्यापीठातलं नाही, पण विद्यापीठानं पाहावं असं आहे.

(दृश्य : पिवळे थर. कात्री.)

पुढचं जॅकेट १९८० च्या दशकातलं. अमेरिकन लष्कराचं, केव्हलारचे १३ थर. केव्हलार हा मजबूत कृत्रिम धागा ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला. हे जॅकेट खांद्याशी फाटूनच आलं, म्हणून आतलं पिवळं कापड दिसतं. काका धड जॅकेट कधीच उसवत नाहीत. निघालेल्या एका तुकड्यावर ते आपली रोजची कात्री चालवतात. कात्री धागा चावते, चघळते, पण कापत नाही. दुकानातली पोरं हसतात. काका कात्रीची धार तपासतात. धार ठीक आहे.

या धाग्याचा वैरी ऊन आहे. उघड्यावर राहिला की रंग काळवंडतो आणि ताकद उतरते. म्हणून कपाटाला आतून काळं कापड लावलंय आणि भर उन्हाळ्यातही खिडकी बंद असते.

जुनं जॅकेट अंगात घालून कुणी त्याच्यावर भरवसा ठेवू नये, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

(दृश्य : राखाडी धातूची पट्टी, लोहचुंबक.)

आणि ही पट्टी. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत शिपायांच्या ‘सहा-बी-दोन’ जॅकेटातली म्हणून विकली गेलेली. त्या जॅकेटात कापडाच्या जोडीला टायटॅनियमच्या सव्वा मिलीमीटर जाडीच्या पट्ट्या असत. अख्खं जॅकेट परवडणारं नव्हतं, म्हणून काकांनी एकच पट्टी घेतली. आता ती खरी कशावरून?

लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे लोखंड नाही. पण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. आयटीआयला जाणारा शेजारचा मुलगा स्क्रूगेज घेऊन येतो. जाडी जुळते. मग वरात निघते गावातल्या सोनाराकडे. सोनार आधी हवेत वजन करतो, मग दोऱ्याला बांधून पाण्यात. (दृश्य : तराजू, पाण्याचा गडवा, जमलेली माणसं.) ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, टायटॅनियम साडेचार पट, लोखंड पावणेआठ पटीच्या वर. सोनार कागदावर भागाकार करतो, पुन्हा करतो आणि कागद काकांकडे सरकवतो. साडेचारच्या अगदी जवळ. सोन्याचा भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईकही थांबून पाहतं.

या खरेद्यांमुळे घरात वाद होतात. काकूंनी कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला.

हे सगळं सुरू झालं पुतण्यामुळे. तो गडचिरोलीत पोलीस दलात आहे. सुट्टीवर आला की आधी खांदे चोळतो. “काकाजी, जॅकेट काटते इथं,” एवढंच तो बोलला होता, आणि काकांना त्यात शिलाईचा प्रश्न दिसला. खांद्याची पट्टी रुंद करावी का, वजन कमरेवर घ्यावं का? तिथून शोध सुरू झाला आणि पार कोरियापर्यंत गेला. जंगलातलं वास्तव अर्थात खांद्याच्या पट्टीपेक्षा मोठं आहे : १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक गेले.

भारतीय जॅकेट मात्र काकांच्या कपाटात एकही नाही. सेवेतल्या दलांची वस्तू घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. कपाटात काय-काय आहे त्याची यादी पोलीस पाटलांकडे दिलेली आहे. म्हणजे ज्या जॅकेटासाठी सगळा खटाटोप केला, तेच सोडून बाकी सगळं इथे आहे.

भारतीय जॅकेटांचं त्यांच्याकडे आहे ते कात्रणांत. २०१८ चा १ लाख ८६ हजार जॅकेटांचा ६३९ कोटींचा करार. त्याच वर्षीचं भारतीय मानक, आयएस १७०५१. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची सरकारी कंपनी मिधानी यांचं ‘भाभा कवच’. २०२४ मध्ये कानपूरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेनं जाहीर केलेलं हलकं जॅकेट. सगळं नवं आणि सगळं छापील. त्याआधीची, नव्वदच्या दशकातली जॅकेटं कशी शिवलेली होती, त्यांचं अस्तर कुठलं होतं, लेबलावर काय होतं, हे काकांना हातात धरून पाहायचंय. बाद झालेल्यांपैकी एखादं, आतल्या पट्ट्या काढून, लेबलासकट एखाद्या संग्रहालयाच्या काचेआड ठेवायला काय हरकत आहे?

(दृश्य : नागपूर, मध्यवर्ती संग्रहालय, बाहेरून.)

नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. विदर्भातली पोरं सहलीला येतात ती इथे. जुनी शस्त्रं डोळे भरून पाहतात. काकाही शाळेत असताना आले होते. कापूस भरून शिवलेला ‘चिलता’ आपल्याकडेही रणात वापरला जाई, हे त्यांना फार नंतर कळलं.

सध्या वहीतल्या एका पानावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे. एम-६९ च्या लेबलावर ‘डीएसए १००’ नंतर पहिला आकडा ६ स्पष्ट आहे, दुसरा अर्धा पुसलाय. काका म्हणतात आठ. आयटीआयचा मुलगा म्हणतो नऊ. दोघांनी भिंग घेऊन दुकानाच्या ओट्यावर बैठक मारलीय, आणि गणवेश न्यायला आलेल्या मास्तरांनाही आता मत द्यावं लागणार आहे.