दोन जुड्या, एक बाण

नमस्कार श्रोतेहो. फुंकणी आठवते ना? चूल पेटेना की तोंडाला लावायची, गाल फुगवायचे, आणि धूर नेमका डोळ्यांत! अगदी हेच चित्र कितागावा उतामारो या जपानी चित्रकारानं १७९०च्या दशकात काढलं. एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो. एक बाई बांबूच्या फुंकणीनं जाळ करतेय, दुसरी धुरानं तोंड वाकडं करतेय. हे लाकडी ठशांचं छापचित्र. एकानं काढायचं, दुसऱ्यानं चेरीच्या फळीवर उलटं कोरायचं, तिसऱ्यानं छापायचं, आणि रंगागणिक फळी वेगळी. एवढं पुरे, कारण मला सांगायचंय ओकिताबद्दल.

ओकिता ही आसाकुसाच्या देवळाजवळच्या नानिवाया या चहाच्या दुकानातली मुलगी. पंधरा-सोळा वर्षांची. उतामारोनं तिला चहा घेऊन येताना रंगवलं आणि वर तिचं नाव घातलं. (चहा असा कुणीतरी आणून द्यावा, आपण बसून प्यावा. कागदी कपातला उभ्यानं प्यायलेला चहा मी चहा धरतच नाही. असो.)

तर १७९३ साली सरकारनं फर्मान काढलं: चित्रावर बाईचं नाव छापायचं नाही. गणिकांचं चालेल, घरंदारं सांभाळणाऱ्या, दुकानात राबणाऱ्या मुलींचं नाही! मग उतामारोनं काय करावं? चित्राच्या कोपऱ्यात एक चौकट काढली. चौकटीत पालेभाजीच्या दोन जुड्या, एक बाण, समुद्र आणि भाताचं खाचर. बस्स.

आता नीट ऐका हं. जपानीत पालेभाजी म्हणजे ‘ना’. दोन म्हणजे ‘नि’. जुडी म्हणजे ‘वा’. बाण म्हणजे ‘या’. किनाऱ्यापासून लांबचा, खोल समुद्र ‘ओकी’, आणि खाचर ‘ता’. पुन्हा म्हणतो, तुम्हीही म्हणा: ना, नि, वा, या... ओकी, ता. नानिवाया ओकिता! दुकानाच्या पत्त्यासकट नाव, आणि अक्षर एकही नाही. जुड्या दोनच हव्यात बरं का. तीन काढल्या की नाव फसलं.

गिऱ्हाइकं कोडं सोडवायची आणि चित्र विकत घ्यायची. शेवटी सरकारच्याही ते ध्यानात आलं. १७९६ साली या चित्रकोड्यांवरही बंदी आली. अहो, भाजीच्या जुडीवर बंदी!