लिव्हरमधली चरबी कुणाची?

(जुलैमधल्या एका रविवारी विलेपार्ल्यात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून संपादित केलं आहे.)

मंडळी, हार्बर बंद, मध्य रेल्वे उशिरानं, आणि तरी सभागृह भरलंय. मनापासून आभार. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'हिपॅटायटिसच्या रुग्णांमधलं फॅटी लिव्हर आणि आनुवंशिकता'. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज, आज बोलायचंय ती विषाणूंमुळे येणारी; फॅटी लिव्हर म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं. तिथे मी पोहोचणार आहे, शब्द देतो. पण आधी एका गोष्टीचा राग बाहेर काढू द्या.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' दिसलं की पहिला प्रश्न येतो, "घेता का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग खाता काय एवढं?" तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आज मी आलोय तो त्या तिसऱ्या प्रश्नासाठी.

माझी मोठी मावशी लालबागला चाळीत राहायची. १९८४ साली तिसऱ्या बाळंतपणात सिझेरियन झालं, रक्त फार गेलं, दोन बाटल्या चढवल्या. ते रक्त कुणाचं, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. विचारून उपयोगही नव्हता, कारण त्यात जे होतं त्याला तोवर धड नावही मिळालेलं नव्हतं. हिपॅटायटिस ए ठाऊक होता, बी ठाऊक होता, आणि उरलेल्याला डॉक्टर 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणायचे. म्हणजे पाहुण्याची ओळख करून देताना 'हे जोशी नव्हेत आणि कुलकर्णीही नव्हेत' एवढंच सांगायचं. १९८९ साली मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूची ओळख पटवली, तो हिपॅटायटिस सी. त्यानंतर रक्त तपासायची सोय झाली. २०२० साली हाउटन, हार्वी ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मावशीच्या बाटल्या त्या शोधाच्या पाच वर्षं आधीच्या.

२००६ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस सी निघाला. पाठोपाठ सोनोग्राफी, त्यात लिव्हरला भरपूर चरबी. रुग्णालयाचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. मी तिच्याबरोबर होतो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "बाई, दारू घेता का?"

मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. एकादशी न चुकवणारी, आषाढीला पंढरीला जाऊन आलेली बाई. शेजारी मावसा, मागे सून. ती काहीच बोलली नाही, नुसता माळेला हात लावला. "नाही ना? मग खाण्यावर ताबा ठेवा," असं म्हणून कागद परत आला. सगळं मिळून तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांनी घरात काय झालं, ते सांगतो. मावशीचं ताट-वाटी वेगळी झाली. कुणी मुद्दाम केलं असं नाही, भीतीनं झालं. मंडळी, हिपॅटायटिस बी आणि सी एका ताटात जेवल्यानं पसरत नाहीत. रक्तातून पसरतात, न उकळलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या रेझरमधून. बी आईकडून बाळाला जातो, शरीरसंबंधातूनही जातो. ताटातून नाही. हे आज लिहून घ्या आणि आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ग्रुपवर याहून निरुपयोगी पुष्कळ काही येतं.

आणि मावशीनं खाणं सोडलं. तूप बंद, मग तेल जवळजवळ बंद, मग दुपारचं जेवणही अर्ध्यावर. गौरी-गणपतीला कोकणात जायची, तेही थांबलं, कारण पंगतीत नको म्हणावं लागतं आणि का नको ते सांगावं लागतं. कुणीतरी नातेवाईक मागे कुजबुजलं, "गुपचूप खात असेल." वजन सात किलो उतरलं आणि चरबी होती तिथेच. मला म्हणाली, "अरे, माझ्या जिभेनंच मला खाल्लं बघ." एका बाईनं वर्षभर स्वतःला गुन्हेगार समजून काढलं. मी तेव्हा यकृताच्याच शाखेत शिकत होतो, आणि मलाही हे सुचायला वेळ लागला की हिची चरबी जेवणातून आलेलीच नाही.

हिपॅटायटिस सीचे अनेक जनुकीय प्रकार आहेत. भारतात सगळ्यात जास्त आढळतो तो प्रकार ३. मावशीचाही तोच निघाला. या प्रकाराची खोड अशी की तो स्वतः लिव्हरमध्ये चरबी साठवतो. निरोगी लिव्हर चरबीच्या पुड्या बांधतं, वाणी बांधतो तशा, आणि रक्तात पाठवून देतं. विषाणूची प्रथिनं या पुड्या बांधण्याच्या कामात अडथळा आणतात. माल आत येत राहतो, बाहेर जात नाही, वखार तुंबते. म्हणूनच अशा रुग्णांचं रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुधा कमी असतं. मावशीचंही कमी होतं! 'एवढं खाते' असा आरोप असलेल्या बाईचं कोलेस्टेरॉल तिच्या सुनेपेक्षा कमी, आणि हे कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही.

तेव्हा विषाणूवर उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या, चोवीस आठवडे. दर इंजेक्शनानंतर ताप, अंगदुखी, केस गळायचे. तिनं ते सोसलं. विषाणू गेला. काही महिन्यांनी सोनोग्राफी केली तर चरबी नाही. तूपही परत सुरू झालं होतं, तरी नाही. कोलेस्टेरॉल मात्र वाढलं, आणि घरात नवी ओरड, "औषधानं कोलेस्टेरॉल वाढवलं." औषधानं नाही वाढवलं हो, पुड्या पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या!

आज हे सगळं सोपं झालंय. सोफोसबुव्हिरसारख्या गोळ्या, बहुतेकांना बारा आठवडे. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, त्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. २८ जुलै हा बारूक ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे ते. त्यांना १९७६चं नोबेल मिळालं. त्यांच्याबद्दल एक सुंदर गोष्ट आहे, पण...

चिठ्ठी आली आहे. 'बारा मिनिटं उरली'. ब्लुमबर्ग राहू द्या. पत्रिकेवरचा विषय अजून दारातच उभा आहे.

तर मामा. मावशीचा सख्खा भाऊ, काडीसारखा बारीक, निर्व्यसनी. रक्तदान शिबिरात कळलं की हिपॅटायटिस बी आहे. विषाणू शांत, औषधाची तूर्त गरज नाही, पण सोनोग्राफीत चरबी. इथे मावशीचं उत्तर चालत नाही. बीचा विषाणू प्रकार ३ सारखा चरबी साठवत नाही. उलट बऱ्याच अभ्यासांत बीच्या रुग्णांमध्ये चरबी थोडी कमीच दिसते. मग ही आली कुठून?

२००८ साली अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन या संशोधकांच्या गटानं दोन हजारांवर लोकांच्या लिव्हरमधली चरबी मोजली आणि जनुकांशी ताडून पाहिली. बावीसाव्या गुणसूत्रावर पीएनपीएलए३ नावाचं जनुक आहे. त्यात एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनाच्या माळेतल्या १४८व्या मण्याच्या जागी आयसोल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं येतं. बस, एवढंच. पण आई आणि वडील दोघांकडून हा बदल आला असेल तर लिव्हरमधली चरबी सरासरी दुपटीहून अधिक. या बदलाचं प्रमाण तिथल्या हिस्पॅनिक लोकांत ४९ टक्के, गोऱ्यांत २३, कृष्णवर्णीयांत १७, आणि फॅटी लिव्हरचा क्रमही नेमका तोच. आपल्याकडेही हा बदल दुर्मीळ नाही.

हे प्रथिन करतं काय? विरार लोकलच्या दारात उभा राहणारा माणूस आठवा. स्वतः उतरत नाही, दुसऱ्याला उतरू देत नाही. पेशीतल्या चरबीच्या थेंबावर हे बदललेलं प्रथिन असंच ठाण मांडतं, वेळेवर मोडीत निघत नाही, आणि चरबी फोडणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमचा मदतनीस स्वतःकडे अडकवून ठेवतं. डबा भरलेलाच राहतो.

आता विषाणू आणि वारसा एकत्र आले की काय होतं, ते भरभर सांगतो. युरोपातल्या हिपॅटायटिस सीच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत २०११ साली दिसलं की हा बदल असलेल्यांना चरबी जास्त आणि लिव्हर कडक होण्याचं प्रमाणही जास्त. पण प्रकार ३ मध्ये चरबीवरचा त्याचा परिणाम फारसा दिसत नाही, कारण तिथे विषाणूच एवढा दांडगा आहे की वारशाला वाव उरत नाही. हिपॅटायटिस बीमध्येही, इटलीतल्या रुग्णांत, या बदलाचा आणि चरबीचा संबंध सापडला. म्हणजे माझ्या मामासारखी माणसं. त्याची जनुकं आम्ही तपासलेली नाहीत, म्हणून त्याच्यापुरतं हे अनुमानच, आणि ते मी अनुमान म्हणूनच सांगतोय.

दुसरं जनुक टीएम६एसएफ२, २०१४ सालचं. यातल्या बदलानं पुड्या नीट भरल्या जात नाहीत. लिव्हरला चरबी, रक्तात कोलेस्टेरॉल कमी. हृदयाला बरं, लिव्हरला वाईट. मावशीला विषाणूनं जे केलं, जवळपास तेच इथे जन्मतः. तिसरं एचएसडी१७बी१३, हे मात्र उलटं: यातला एक बदल लिव्हरचं रक्षण करतो, २०१८ साली कळलं. एमबीओएटी७ नावाचं आणखी एक जनुक सोडून देतो, वेळ नाही.

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो प्रसिद्ध फोटो मात्र सोडवत नाही. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. 'बारीक आहे, म्हणजे चरबी नसणार' हे आपल्या लोकांबद्दल बोलताना चालत नाही. मामा बारीकच आहे.

मग जनुकं तपासून घ्यायची का? रोजच्या उपचारात त्याची गरज नाही. वारसा म्हणजे शिक्षाही नाही. पीएनपीएलए३चा बदल असलेल्यांना दारू आणि वजन यांचा फटका जास्त बसतो हे खरं, पण वजन उतरलं की चरबीही त्यांची जास्त उतरते, असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. सी बरा झाला आणि चरबी राहिली, तर ती विषाणूची नव्हती, तिचा वेगळा विचार करा. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी पार कडक होणं, झाला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. बी असेल आणि जोडीला मधुमेह, तर कर्करोगाचा धोका वाढतो, तपासण्या चुकवू नका.

आणि तो तिसरा प्रश्न, "विषाणू कोणता, आणि घरात आणखी कुणाला?" ज्यांना २००२च्या आधी रक्त चढवलं असेल त्यांनी सीची तपासणी एकदा करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे.

चिठ्ठी परत आली. मागच्या रांगेतल्या आजींनी मघापासून हात वर धरलाय. विचारा आजी, माइक देतो.