चषकाचा सामना आणि रिकामे स्टँड

नमस्कार मंडळी. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, वेकफील्ड आणि आसपासच्या सगळ्या मराठी घरांना नमस्कार, आणि नेटवरून पुण्या-नाशकात ऐकताय त्यांनाही.

आज बोलायचंय रग्बी लीगबद्दल. तेरा-तेरा खेळाडूंचं रग्बी, आपल्या यॉर्कशर-लँकशरचं. त्यातही चॅलेंज चषकाबद्दल, म्हणजे हरला तो बाहेर अशा स्पर्धेबद्दल, कारण तिच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना मैदानं ओस पडतात आणि ते बघवत नाही. लीगच्या सामन्याला जिथे धक्काबुक्की चालते, तिथेच पुढच्या आठवड्यात चषकाच्या सामन्याला एक अख्खा स्टँड कुलूप लावून बंद असतो. हा साधासुधा चषक नाही हो. पहिला अंतिम सामना १८९७ साली झाला, इथेच, लीड्सच्या हेडिंग्लीवर. बॅटलीने सेंट हेलन्सला हरवलं होतं.

लोक का येत नाहीत? पहिलं कारण खिशातलं. बहुतेक क्लबांच्या सीझन तिकिटात चषकाचे सामने धरलेलेच नसतात. वर्षाचे पैसे आधीच भरलेल्या माणसाला पुन्हा वेगळं तिकीट काढायला सांगतात. दोन मुलं असलेल्या घराने काय करायचं? ते घरीच बसतं. पुन्हा सांगते, कारण हेच मुख्य आहे: सीझन तिकिटात चषक नाही, म्हणून माणूस नाही. शिवाय सोडत झाल्यावर सामना जेमतेम दोन-तीन आठवड्यांवर आलेला असतो, आणि मोठा संघ छोट्या संघाला धुणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. त्यात १९९८ पासून लीगचा ग्रँड फायनल सुरू झाला आणि वर्षाचा मोठा दिवस तिकडे गेला.

पण या स्पर्धेला गर्दीच होत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला मी १९५४ सांगते. आज तुम्हालाही सांगते.

वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स. लंडनच्या वेम्ब्लीवर अंतिम सामना ४-४ असा बरोबरीत सुटला, एकही ट्राय झाला नाही, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे कुणालाच चेंडू टेकवता आला नाही. फेरसामना ठरला ५ मे रोजी, बुधवारी संध्याकाळी, ब्रॅडफर्डच्या ओड्सल मैदानावर. ओड्सल म्हणजे पूर्वी शहराचा उकिरडा. घराघरांतला कचरा गाड्या भरभरून तिथे टाकला, त्याचे उतार रचले आणि १९३४ साली त्या खोलगट जागेत मैदान उघडलं. उतारावर उभं राहायचं, खाली खेळ बघायचा.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात. मूळचे हॅलिफॅक्सचे, आता ऐंशीच्या पुढे. तेव्हा शाळकरी पोर होते, आणि त्यांचे वडील गालिच्यांच्या गिरणीत कामाला. गिरणी सुटली तसा बापाने पोराचा हात धरला आणि दोघे बसमध्ये चढले. ओड्सल फार लांब नाही, पण त्या दिवशी सगळं हॅलिफॅक्स त्याच रस्त्यावर. शिवाय डोंगरापलीकडून वॉरिंग्टनच्या गाड्या. बस थांबली ती हलेचना. वडील म्हणाले, "उतर. चालत जाऊ." खाली बघतात तर रस्ताभर माणसं चालताहेत, कामाच्याच कपड्यांत, डबे हातात.

पोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता. फाटकाशी रेटारेटी, कुंपण एका बाजूला आडवं झालेलं. उताराच्या माथ्यावर पाय टेकायला जागा मिळाली, पण पुढे दिसत होत्या फक्त टोप्या. मग बापाने पोराला उचललं आणि पुढच्या माणसाच्या हातात दिलं. त्याने त्याच्या पुढच्याला. असं डोक्यांवरून हातोहात हे पोर थेट खाली, गवताच्या कडेला जाऊन बसलं. आजोबा सांगतात, खाली जाताना कुणीतरी त्यांची टोपी नीट करून दिली होती. सांगताना अजून हात डोक्याकडे जातो.

पोराने सामना पाहिला. वॉरिंग्टनकडून चॅलिनॉरने ट्राय केला, उत्तरार्धात जेरी हेल्मने केला. हॅलिफॅक्सला दोन पेनल्टी गोल, तेवढेच. ८-४. वॉरिंग्टन जिंकलं. गर्दी ओसरल्यावर बाप-लेक कसेबसे भेटले, आणि वडिलांनी विचारलं, "काय काय झालं रे?" कारण बापाला वरून काहीच दिसलं नव्हतं. मग अंधारात हॅलिफॅक्सपर्यंत चालत, पोराने बापाला अख्खा सामना सांगितला. आजूबाजूची मोठी माणसंही ऐकत चालली होती. त्यांनाही दिसलं नव्हतं ना! आजोबा म्हणतात, "माझे वडील मरेपर्यंत सांगायचे, तो सामना मी पाहिला."

माझ्या मते समालोचन असावं तर असं. हल्ली टीव्हीवर तिघे-तिघे एकदम बोलतात आणि चेंडू कुठे आहे ते कुणीच सांगत नाही.

अधिकृत आकडा १,०२,५६९. कुंपणावरून आत आले ते वेगळे. रग्बी लीगमधला हा जागतिक विक्रम पंचेचाळीस वर्षं टिकला, १९९९ मध्ये सिडनीत मोडला. एका उकिरड्यावरच्या मैदानात, कामाच्या दिवशी, एक लाख माणूस!

तर माणूस येतो. सामना घराजवळ असेल, परवडत असेल आणि त्यात काही पणाला लागलं असेल, तर येतो. घराजवळ, परवडणारा, पणाला लागलेला. एवढंच करा.

सुरुवातीच्या फेऱ्या सीझन तिकिटात घाला आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना फुकट सोडा. गेटचा पैसा दोन्ही क्लबांत वाटायचा असतो, म्हणून एकट्या क्लबला हे अवघड जातं. नियम वरूनच यायला हवा. उपांत्य सामने उत्तरेतच ठेवा. छोट्या क्लबांच्या घरी मोठे संघ पाठवायला २०२५ पासून सुरुवात झाली, सगळ्यात वरच्या श्रेणीतले सुपर लीगचे संघ तिसऱ्याच फेरीत उतरले, आणि हे मला मनापासून पटलं. भले पन्नास गुणांनी हरू देत, पण त्या वस्तीतली पोरं हल केआरसारख्या बड्या क्लबाचे खेळाडू हाताच्या अंतरावर बघतात. त्याच हल केआरने त्या वर्षी वेम्ब्लीवर वॉरिंग्टनला ८-६ असं अगदी शेवटच्या मिनिटांत हरवून चषक नेला, आणि मोठ्या करंडकांचा चाळीस वर्षांचा दुष्काळ संपवला.

आणि खाण्याचं बघा. मांस भरलेली ती ‘पाय’ (pie) आणि मटार किती दिवस? ब्रॅडफर्डच्या कोपऱ्याकोपऱ्यावर गरम समोसा मिळतो, मग मैदानात का नको? शाकाहारी घरं येतील ती चार वाजता पोटात काही पडणार असेल तरच. ट्राय झाला की कर्ण्यावरून गाणी लावतात, तीही बंद करा. माणसांना ओरडू द्या.

शेवटी आपलं. हा खेळ १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात मूळ रग्बीपासून वेगळा झाला तो बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून. शनिवारी खेळायला गेलं की गिरणीतली मजुरी बुडायची, ती भरून द्या म्हणून. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून आपल्या मंडळांना माझी विनंती आहे: हिवाळ्यात हॉल भाड्याने घेऊन तोच तो भोजनाचा कार्यक्रम करतो, त्याऐवजी एकदा चषकाच्या तिसऱ्या फेरीला जाऊ. क्लबच्या ऑफिसला आधी फोन करा, एकगठ्ठा तिकिटांना सवलत विचारा. जाड मोजे घाला, फेब्रुवारीत पायऱ्या बर्फासारख्या असतात. मुलांना पुढच्या रांगेत बसवा.

नमस्कार.